‘तयारी’ फोल्डरमधली माणसं

आमच्या एकोडीत मेल्याशिवाय कोणी कोट घालत नाही. जन्मभर बंडी नि धोतरात वावरलेला माणूस तेरवीच्या दिवशी काळा कोट, लाल टाय आणि मागे निळं आकाश घेऊन फ्रेममध्ये बसतो आणि सगळं गाव त्याला हात जोडतं. तो कोट माझ्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरमधला आहे. लग्नातल्या एखाद्या फोटोतून चेहरा कापायचा आणि कोटावर बसवायचा, एवढंच काम. बायांसाठी डोक्यावर पदर घेतलेली एक जांभळी साडी आहे. वीस वर्षांत त्या एका कोटात आणि एका साडीत तालुक्यातली किती माणसं जाऊन बसली ते त्यालाच माहीत.

नवऱ्याचं नाव धनंजय. तोंडानं मी ते कधी घेत नाही, घरात ‘अहो’ आणि ‘तुमी’च चालतं. पण लिहिताना नावानं आणि एकेरीतच लिहिणार आहे. राग काढायला बाईला तेवढी तरी एक जागा पाहिजे.

बसस्टॉपजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत धनंजय बसतो, मागच्या खोलीत मी प्रिंट कापते, लॅमिनेशन करते, फ्रेमा ठोकते. धनंजय हळू बोलणारा माणूस. पण एखादी गोष्ट त्याच्या मनानं घेतली की चिखलात बसलेल्या हेल्यासारखा, म्हणजे रेड्यासारखा, उठवून उठायचा नाही. लग्नात बाकीचे फोटोग्राफर नवरीभोवती नाचतात. हा मांडवाच्या कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यांकडे जातो. ‘आजी, इकडं पाह्य जराशी,’ म्हणून प्रत्येकाचा एक स्वच्छ फोटो काढतो. लोक म्हणतात, धनूभाऊसारखा वडीलधाऱ्यांची कदर करणारा पोरगा नाही. मी गप्प बसते, कारण त्या फोटोंचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे.

झालं असं की फार वर्षांपूर्वी एक म्हातारी वारली आणि तिचा आधार कार्डाशिवाय कुठेच फोटो नव्हता. धनंजयनं तोच मोठा केला. डोळे म्हणजे दोन काळे डाग आले. तिचा मुलगा प्रिंट हातात धरून म्हणाला, ‘हे माही माय नाई होय.’ तरी नेला, दुसरा होताच कुठे? धनंजय दोन दिवस जेवला नाही. त्यानंतर त्यानं कॉम्प्युटरमध्ये एक फोल्डर केलं आणि त्याला नाव दिलं ‘तयारी’. लग्नामुंजीत टिपलेल्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा दुकानात परतल्यावर कापायचा, कोट घालायचा, गळ्यात हार टाकायचा, खाली नाव लिहायचं, नावाआधी ‘कै.’ सुद्धा. माणूस इकडे बाजारात वांगी निवडत असायचा आणि तिकडे त्याचा हार तयार.

‘जित्या मानसाले हार घालता, लाज नाई वाटत?’ मी एकदा विचारलं.

‘मेल्यावर घाईघाईनं घालण्यापरीस बरं,’ तो म्हणाला.

हे आम्हा दोघांशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. आणि मीसुद्धा ते फोल्डर कधी उघडून पाहिलं नाही. त्या जांभळ्या साडीत गावातली कोण कोण बसलीय ते मला बघायचंच नव्हतं.

मग तुलाराम आजोबांचं प्रकरण घडलं. आजोबा महिनाभर दवाखान्यात होते, सगळ्यांनी आशा सोडली होती. ते बरे होऊन पेढे घेऊन दुकानात आले. ‘धनू, आता जातोच म्हनत होतो, पन वापस धाडलं देवानं.’ धनंजयला इतका आनंद झाला की त्यानं आजोबा बसलेले असतानाच त्यांचा ‘तयारी’तला फोटो पुसून टाकला. चौथ्या दिवशी आजोबा शेतातल्या बोडीवर, म्हणजे तळ्यावर, बैल धुवायला गेले, पाय घसरला, आणि संध्याकाळी त्यांना पाण्यातून काढलं. वर्षभरानं धनंजयकडून चुकून त्याच्या मावशीचा, सुंदरबाईंचा, फोटो पुसला गेला. त्या आठवड्यात त्याही गेल्या.

मी म्हटलं, ‘पंच्याऐंशी वर्साचा मानूस शेवाळावरून घसरला. मावशीले सहा वर्सांपासून दमा. तुमच्या बटनाचा काय संबंध?’ तो म्हणाला, ‘नसन संबंध.’ पण त्या दिवसापासून त्यानं ‘तयारी’तला एकही चेहरा पुसला नाही. वेळ भरली की माणूस जातो, पण पुसला तर वेळेआधी जातो, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. हेला चिखलात बसला तो बसला.

मागच्या दिवाळीनंतर दुकानातल्या कॉम्प्युटरची डिस्क टकटक वाजू लागली. साकोलीचा मेकॅनिक कान लावून म्हणाला, ही कधीही जाईल. माझ्या दृष्टीनं ती एक डिस्क होती. धनंजयच्या दृष्टीनं तिच्यात दोनशेच्या वर जिवंत माणसं होती आणि ती गेली तर त्यांचं काय, हा प्रश्न होता. त्याचा चेहरा इतका उतरला की मलाच भीती वाटली.

‘नवी डिस्क आना अन् मोकळे व्हा,’ मी म्हटलं.

‘ते बी मेली तं? मले दोन पाह्यजे. एकीवर टाकलं का दुसरीवर आपोआप. एक मेली तरी दुसरी जिती राह्यते.’

तसं काम करणारा डबा मिळतो, त्याला नेटवर्क स्टोरेज म्हणतात. नवा आम्हाला परवडणारा नव्हता. धनंजय नागपूरच्या एका भंगारवाल्याकडून जुना घेऊन आला. पावाच्या लादीएवढा काळा डबा, आत दोन डिस्का, पुढे एक निळा दिवा. बनवणाऱ्या कंपनीनं त्याच्याकडे आठ वर्षांपूर्वीच पाठ फिरवली होती. त्याची आतली प्रणाली इतकी जुनी की आताच्या कॉम्प्युटरशी तो बोलेचना. कंपनीच्या लेखी तो मेलेलाच होता.

‘याच्यात लिनक्स टाकतो,’ धनंजय म्हणाला. लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट मिळणारी प्रणाली, जुन्या मशिनीतही चालते, असं त्यानं मला समजावलं. मी म्हटलं, टाका काय टाकायचं ते, पण पासपोर्टचे फोटो थांबलेत.

दोन महिने ते चाललं. त्यानं चार स्क्रू काढून डबा उघडला. आतल्या पाटीवर चार बारीक खुंट्या होत्या, त्यांना वायरी डागल्या आणि त्या कॉम्प्युटरला जोडल्या. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली. डबा चालू झाल्यावर तीन सेकंदांच्या आत एक बटण दाबलं तर तो थांबायचा आणि नवी प्रणाली घ्यायला तयार व्हायचा. उशीर झाला की गेला आपल्या जुन्या वाटेनं. धनंजयचे हात मुळात हळू. शंभरदा तरी चुकला असेल. शेवटी डबा थांबला आणि पडद्यावर सूचना आली की या डिस्कांवर जे आहे ते सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का?

तिथे तो अडकला. आत काय आहे ते त्यानं पाहिलं. कुठल्या तरी कापड दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं. काउंटर, गाद्या, येणारी जाणारी गिऱ्हाइकं, तासन्‌तास.

‘यातले किती लोक जिते असतीन आता,’ तो पुटपुटला आणि खुर्चीत मागे टेकून बसला. पाऊण तास तसाच. मी मागच्या खोलीतून आले, त्याच्या खांद्यावरून हात घातला आणि एंटर दाबला. त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी त्याचा राग आला होता, दया नंतर आली.

लिनक्स बसलं, तरी डबा सुखानं चालेना. चार मिनिटं चालायचा, किंचाळल्यासारखी शिट्टी वाजवायचा आणि परत पहिल्यापासून सुरू व्हायचा. आत एक वेगळी छोटी चिप होती, रखवालदारासारखी. जुनी प्रणाली उठली की तिला ‘मी उठलो’ असं कळवायची. लिनक्सला ते ठाऊक नव्हतं, म्हणून चिप समजायची की डबा मेला, आणि त्याला पुन्हा उठवायची. कुठल्या तरी देशातल्या माणसानं सहा वर्षांपूर्वी इंटरनेटवर त्या चिपला कळवायचे शब्द लिहून ठेवले होते. धनंजयनं ते टाकले आणि शिट्टी बंद झाली. त्या माणसाला आभाराचा निरोप पाठवला, त्याचं उत्तर आलं नाही. ते शब्द लिहिल्यानंतर त्या माणसानं त्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं.

पण एक गोष्ट राहिली होती. दुपारी आम्ही जेवून परत आलो की डबा चालू असायचा.

‘तुमी चालू ठेवून गेले.’

‘मी बंद केला होता.’

‘मंग काय तुलाराम आजोबांनी केला?’ मी चेष्टेत म्हटलं. तो हसला नाही. पुढे कळलं की रखवालदार चिपमध्ये त्या कापड दुकानदारानं कधी काळी ठरवलेली वेळ अजून होती. रोज बारा चाळीस. आतलं सगळं बदललं, तरी ती चिप आपल्या जुन्या धन्याचं ऐकत होती. पण तेव्हा आम्हाला हे माहीत नव्हतं, आणि भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, कोणी हात न लावता तो निळा दिवा लागायचा आणि डिस्का घरघरायला लागायच्या. मी एकटी असले की मागची खोली सोडून बाहेर ओट्यावर येऊन बसायची.

फेब्रुवारीत धनंजयनं ‘तयारी’ सकट सगळं डब्यात हलवलं. दुकानातल्या दोन्ही कॉम्प्युटरवर ते दिसतंय का हे तपासायला त्यानं सगळ्या फोल्डरचे दरवाजे मोकळे ठेवले, पासवर्ड संध्याकाळी लावू म्हणाला, डबा बंद केला आणि जेवायला घरी गेला. शेजारी सचिनचं चहाचं हॉटेल आहे. त्याच्या भिंतीवर मोठा टीव्ही आहे आणि तो आमच्याच वायफायवर चालतो, शेजारधर्म म्हणून धनंजयनंच जोडून दिलेला. बारा चाळीसला डबा आपोआप उठला. टीव्हीवर पाटी आली की नवीन उपकरण सापडलंय. सचिनला वाटलं, कोणाच्या लग्नाची शूटिंग असेल. त्यानं रिमोटचं बटण दाबलं.

मी दुकानातच होते, त्याची हाक ऐकून धावले. हॉटेलात पाच-सहा माणसं होती. पुढच्या बाकावर बाबुलाल काकाजी, धानाचे जुने व्यापारी, वय शहात्तर, बशीत चहा ओतून बसलेले. समोर भिंतीएवढे तेच. काळा कोट, लाल टाय, गळ्यात झेंडूचा हार. खाली ‘कै. बाबुलाल’, जन्मसाल, आणि ‘मृत्यू’ या शब्दापुढे रिकामी जागा.

‘हा मी होय का गा?’ काकाजींनी विचारलं.

‘तुमच्यासारखाच दिसते कोनी,’ सचिन म्हणाला.

‘माह्यासारखा नाई. मीच होय. हे चामखीळ पाह्य ना.’ त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवलं.

घाबरून सचिनच्या हातातला रिमोट बाकाखाली पडला होता, तो शोधायला तो वाकला. तोवर टीव्ही आपला एकेक चेहरा पुढे सरकवत होता. पोस्टमनची आई. देवळातले पुजारी. प्रत्येक चेहऱ्याला माणसं श्वास आत ओढत होती. आणि मग मी आले.

तो फोटो माझ्या भावाच्या लग्नातला. मला जांभळी साडी घातलेली नव्हती. अंगावर माझीच हिरवी साडी होती. कपाळावर कुंकू, गळ्यात हार. ‘कै. सौ. अंजू धनंजय कापगते.’ आणि बाकीच्यांची रिकामी असलेली जागा माझी भरलेली. मृत्यू : २१ एप्रिल २०२१.

सचिननं वायरच उपटली. हॉटेलात कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. माझे पाय जमिनीवर आहेत की नाहीत हे मी खरोखर खाली वाकून पाहिलं. तेवढ्यात धनंजय आला, त्याला लोकांचे चेहरे पाहूनच सगळं कळलं.

काकाजी उठले. ‘पुसून टाक ते.’

धनंजय खाली मान घालून उभा.

‘पुस म्हनलं ना!’

‘काकाजी, पुसत नाई.’

‘काहून?’

मग त्यानं भर हॉटेलात तुलाराम आजोबांचं आणि सुंदरबाई मावशीचं सांगितलं. मला वाटलं, आता याला लोक चपलेनं मारतील. पण काकाजी हळूहळू परत बाकावर बसले. बशीतला चहा गार झाला होता. ती बशी बाजूला सारून ते म्हणाले, ‘मंग राहू दे बापा. हात नको लावू.’

मी दुकानात आले, शटर खाली ओढलं आणि त्याला समोर बसवलं. करोनात मी नागपूरच्या एका दवाखान्यात होते, हे खरं. नळी लावली होती, दहा दिवसांचं मला काहीच आठवत नाही. धनंजय माझे कपडे न्यायला एकोडीला आला होता, तेव्हा त्याला दवाखान्यातून फोन आला की तुमचं पेशंट गेलं. तो या खुर्चीत बसला होता. फोन ठेवला आणि त्यानं कॉम्प्युटर चालू केला.

‘तुमी पह्यले फोटो बनवाले बसले?’

‘मले दुसरं काई सुचलं नाई. हात आपले चालत होते.’

फोटो करून तारीख टाकून तो मोटरसायकलवर निघाला. कारध्याच्या पुलावर असताना दुसरा फोन आला. खाटा बदलल्या होत्या, वहीत जुना नंबर राहिला होता. मी जिवंत होते. माझ्या आधीच्या खाटेवर दुसरी बाई आणली होती, ती गेली होती. तिचं नाव चंद्रभागाबाई. नाकाडोंगरीची.

‘अन् माह्या फोटोवरची तारीख?’

‘ते काढली असती तं तुह्यी जागा रिकामी झाली असती,’ तो म्हणाला. ‘भरलेली हाय तवपर्यंत कोनी भराले येत नाई.’

म्हणजे चार वर्षं मी याच्या हिशोबी मेलेली असल्यामुळे जिवंत होते. मला हसावं की रडावं कळेना. रडले.

मला वाटलं होतं की दुकान बंद करायची वेळ येईल. झालं भलतंच. दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले, एकेकटे. ‘धनू, माह्या बापाचा हाय ना त्यात?’ ‘पाहून ठेव बापा, पुसला गेला नसन.’ नंतर तर म्हातारी माणसं स्वतः यायला लागली, धुतलेले कपडे घालून. ‘मले बी टाक त्यात.’ पोस्टमनची आई बघायला आली की तिचा पदर नीट आलाय का. काकाजी आठवड्याला एकदा दारातून विचारून जायचे, ‘चालू हाय ना डब्बा?’ पूर्वी हे भय एकट्या धनंजयचं होतं, आता ते अख्ख्या गावानं त्याच्या डोक्यावर आणून ठेवलं. तो रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ‘तयारी’त किती चेहरे आहेत तो आकडा पाहायचा. वीज गेली की जेवता जेवता उठायचा. मोबाइलवरून दर तासाला डबा जिवंत आहे का बघायचा. डब्याला पंखा लावला, मला नाही.

मे महिन्यात आमच्या रेणूचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं, नागपूरला. एकुलती एक मुलगी. ओटी भरायच्या वेळी धनंजयनं मोबाइल पाहिला, डबा उत्तर देत नव्हता. तो पाहुण्यांमधून उठला आणि एकोडीला निघून गेला. एकोडीत नुसती वीज गेली होती. इकडे मुलीच्या सासरकडचे मला विचारत होते, तुमचे हे कुठे गेले? रेणू माझ्याकडे बघत होती. मी काय सांगू तिला, की तुझा बाप मेलेल्यांची राखण करायला गेलाय आणि त्यात मीही आहे?

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी, तो बँकेत गेला असताना, मी कॉम्प्युटरवर ‘तयारी’ उघडलं, माझं नाव शोधलं आणि डिलीट दाबलं. याला दाखवायचं होतं की पाहा, पुसलं, आणि मी उभी आहे. घाबरला तर कचऱ्याच्या टोपलीतून परत काढून देऊ, असा माझा हिशोब होता. आमच्या कॉम्प्युटरवर पुसलेलं सगळं त्या टोपलीत जातं, मी शंभर वेळा काढलंय.

टोपली उघडली. रिकामी. डब्यातलं पुसलेलं टोपलीत येत नाही, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या डिस्कवर असेल म्हणावं, तर एकीवर पुसलं की दुसरीवर आपोआप पुसलं जातं, याचसाठी तर तो डबा आणला होता. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क मार्चमध्येच मेली होती.

आता खरं सांगते. तुलाराम आजोबांवर हसणारी मी, त्या खुर्चीतून उठताना टेबलाला धरून उठले. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे चार वेळा पाहिलं. संध्याकाळी विहिरीवर गेले नाही. ठसका लागला तर छातीवर हात ठेवून मोजत बसले. माझा कशावर विश्वास नाही, असं मी जन्मभर सांगत आलेय. त्या रात्री देवाला दिवा लावताना मी त्याला म्हटलं, उद्यापर्यंत सांभाळ.

सकाळी धनंजय आकडा पाहायला बसला. दोनशे सदतीस हवे होते, दोनशे छत्तीस होते. तो ओरडला नाही. यादीवरून बोट फिरवत खाली खाली जायला लागला. मी दारातूनच म्हटलं, ‘माहा नाई हाय. मी पुसला.’

त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. ‘कवा?’

‘काल दुपारी.’

‘काहून वो?’

‘तुमी वापस यावं म्हून. साक्षगंधातून उठून गेले तुमी.’

माझ्या भावाच्या लग्नातला मूळ फोटो त्यानं शोधून काढला आणि मला कापायला बसला. मी स्टूल घेऊन शेजारी बसले. कानाजवळचे केस पुन्हा पुन्हा चुकत होते. तासाभरानं हार घातला. नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. पुढे ‘मृत्यू’ लिहून त्यानं दोन आणि एक असे आकडे टाकले आणि थांबला.

‘तेच तारीख टाकू?’ त्यानं मला विचारलं.

‘ते तारीख माही नाई होय,’ मी म्हटलं. ‘चंद्रभागाबाईची हाय. तिच्याजवळून काहून घेता?’

धनंजयनं तोंडावर दोन्ही हात धरले. मला वाटलं, चक्कर आली.

‘मी गेलो होतो नाकाडोंगरीले,’ तो म्हणाला. ‘तू घरी आल्यावर. तिच्या घरी फोटो नव्हता. म्या बनवून देतो म्हनलं, तं तिचा नवरा माह्या पाया पडला. त्याले काय सांगू? फोन आला तवा मी पुलावर गाडी उभी केली अन् हासलो, अंजू. जोरानं हासलो. तिकडं ते मेली, अन् मी हासून राहिलो होतो.’

चोवीस वर्षांत त्यानं माझं नाव पहिल्यांदा असं घेतलं. मी जगल्याचा आनंद याला चार वर्षं चोरासारखा लपवून ठेवावा लागला, आणि मी याला डब्याचं वेड लागलं म्हणत होते. माझं मन इतकं भरून आलं की मी त्याचा हात तोंडावरून ओढून माझ्या गालाशी धरला, दुकानाचं दार सताड उघडं असताना.

‘हासले तं हासले,’ मी म्हटलं. ‘मी बी हासली असती.’

तो रडत होता. मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला आणि ते दोन आकडे पुसले. पुसताना त्यानं डोळे मिटून घेतले, पण मला अडवलं नाही. मग आम्ही तो फोटो तसाच, बाकीच्यांसारखी जागा रिकामी ठेवून, डब्यात ठेवला, आणि तो दुपारी माझ्यासोबत जेवायला घरी आला.